बिल्टीवर चूक कंपनीची, भुर्दंड कोणाला?

माल बाहेरगावी पाठवताना आपण दोन गोष्टी दुसऱ्याच्या हाती देतो. एक माल आणि दुसरी त्या मालाची माहिती. डाग नीट बांधला आहे का, हे आपण दहा वेळा पाहतो. सुतळी ओढून बघतो, मार्का ठळक आहे का तेही तपासतो. पण ट्रान्सपोर्टच्या कारकुनाने बिल्टीवर काय लिहिले, हे वाचण्याची तसदी फारच थोडे लोक घेतात. कागदाची घडी खिशात जाते आणि माल पोचला नाही म्हणजेच ती उघडली जाते.

मग टोलवाटोलवी सुरू होते. बुकिंग एजंट म्हणतो, हेड ऑफिसला विचारा. हेड ऑफिस म्हणते, तुम्ही सांगितले तेच आम्ही लिहिले. ड्रायव्हर म्हणतो, मला कागद मिळाला तिथे मी माल उतरवला. आष्ट्यातला छोटा व्यापारी अशा वेळी दोन-चार फोन करतो, थोडा वाद घालतो आणि शेवटी नशिबाला बोल लावून गप्प बसतो. कायद्याने मात्र या बाबतीत कोणाची जबाबदारी कोठपर्यंत, हे बऱ्याच स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना ते माहीत नसते, म्हणून नुकसान त्यांच्या पदरात राहते.

नाव एक, गावे अनेक

प्रथम पत्त्याचा प्रश्न घेऊ, कारण आष्टेकरांसाठी तो घरचाच आहे. वाळवा तालुक्यातील आपले आष्टा सांगली जिल्ह्यात आहे. मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातही आष्टा नावाचे शहर आहे. बीड जिल्ह्यात आष्टी आहे, वर्धा जिल्ह्यातही आष्टी आहे. भिवंडीच्या किंवा सुरतच्या गोदामात बसलेल्या कारकुनाला यातले कोणते, हे कसे कळणार? त्यातच १९४९ पर्यंत आपला भाग सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जुन्या कागदांवर त्यामुळे साताराच दिसतो. २०२५ साली इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर झाले, तेव्हा शेजारच्या गावाचीही दोन नावे आता कागदोपत्री आढळतील.

एकसारख्या नावांचा हा गोंधळ टळावा म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी अशी त्यांची ओळख होती. आपल्या आष्ट्याचा पिन ४१६३०१ आहे आणि मध्य प्रदेशातील आष्ट्याचा ४६६११६. शिवाय तालुका एकच असला तरी इस्लामपूरचा पिन ४१५ ने सुरू होतो. म्हणून शेजारच्या गावाचा पिन अंदाजाने टाकणेही धोक्याचे आहे. पत्ता लिहिताना गाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि पिन ही पाचही नावनिशाणी लिहावी. ‘आष्टा’ एवढेच सांगून निघून गेलो आणि माल सीहोरला गेला, तर पहिली चूक आपली ठरेल.

ज्याची माहिती त्याची जबाबदारी

रस्त्याने होणाऱ्या माल वाहतुकीला पूर्वी १८६५ चा इंग्रजी अमलातला कायदा लागू होता. त्याच्या जागी २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा आला आणि १ मार्च २०११ पासून तो अमलात आहे. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्याच नव्हेत, तर माल बुक करणारे एजंट, दलाल आणि कुरिअर कंपन्याही त्यात येतात. या सर्वांना नोंदणी केल्याशिवाय हा धंदा करता येत नाही.

या कायद्यात दोन कागद महत्त्वाचे आहेत. पहिला कागद माल पाठवणाऱ्याने भरून द्यायचा असतो. मालाचे वर्णन, नग, वजन, किंमत, घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता त्यात असतो. यातील माहिती खरी असल्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर आहे. ती खोटी किंवा अपुरी असल्याने वाहतूकदाराचे नुकसान झाले, तर ते पाठवणाऱ्याने भरून द्यावे लागते. दुसरा कागद म्हणजे वाहतूकदाराने द्यायची पावती, म्हणजेच आपली बिल्टी. तिची मूळ प्रत पाठवणाऱ्याला मिळाली पाहिजे. तिच्यावर लिहिलेले नग आणि वजन खरे आहे, असे कोर्ट प्रथमदर्शनी धरून चालते. उलट सिद्ध करायचे तर ते वाहतूकदाराने करायचे.

अर्थ सरळ आहे. आपण पाच डाग सांगितले, पाच डाग दिले आणि कारकुनाने चार लिहिले, तर चूक कंपनीची. पण त्या क्षणी आपण ते वाचून दुरुस्त करून घेतले नाही, तर पाचवा डाग दिला होता हे सांगण्याचे ओझे आपल्यावर येते. म्हणून पहिल्या कागदाची एक नक्कल, नाही तर मोबाईलवर त्याचा फोटो आपल्याकडे असलाच पाहिजे. बहुतेक ठिकाणी हा पहिला कागद कारकूनच घाईघाईने भरतो आणि आपण फक्त सही करतो. सही केली की त्यातली माहिती आपली झाली, हे विसरू नये.

माल वाटेत हरवला, नासला, फुटला किंवा पोचलाच नाही, तर वाहतूकदार जबाबदार असतो. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती आणि सरकारी बंदी ही कारणे त्याला सुटकेसाठी सांगता येतात. तरीही योग्य काळजी घेतली असती तर नुकसान टळले असते, असे दिसले तर या कारणांनीही तो सुटत नाही. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे माल पाठवणाऱ्यावर टाकलेले नाही. ही तरतूद आपल्या फार फायद्याची आहे.

दहापट भाड्याची मर्यादा

आता आपल्याच एका सवयीकडे वळू. भाडे कमी लागावे किंवा चौकशी नको, म्हणून अनेक जण बिल्टीवर मालाची किंमत कमी सांगतात किंवा ती जागा कोरी सोडतात. २०११ च्या नियमांप्रमाणे, जादा जोखमीचे भाडे भरलेले नसेल तर वाहतूकदाराची भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते आणि जाहीर केलेल्या किमतीपेक्षाही ती जास्त होत नाही.

मिरजेचे उदाहरण घेऊ. शिकलगारांच्या घराण्यांनी हत्यारांना धार लावता लावता तंतुवाद्ये घडवण्याची कला मिरजेत रुजवली. तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, एखाद्या कारागिराने ३०,००० रुपयांचा तानपुरा पाठवला आणि भाडे ५०० रुपये भरले. भोपळा फुटला किंवा वाद्य भलत्याच गावी जाऊन गहाळ झाले, तर दहापट भाड्याच्या हिशेबाने त्याच्या हाती ५,००० रुपये येतील. उरलेले २५,००० गेले. हेच खरी किंमत लिहून जादा भाडे भरले असते किंवा वेगळा विमा उतरवला असता, तर महिनोन्‌महिने केलेली मेहनत वाया गेली नसती. चूक शंभर टक्के कंपनीची असली तरी भरपाई किती मिळेल, हे आपण आधी काय लिहून दिले यावर ठरते.

छापील अटींचा अर्थ

बिल्टीच्या किंवा कुरिअरच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरांत अटी असतात. त्या सर्वच कोर्टात टिकतात असे नाही आणि सर्वच उडून जातात असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल येथे पाहण्यासारखे आहेत.

भारती निटिंग कंपनी या निर्यातदाराने जर्मनीतील ग्राहकाकडे मालाची कागदपत्रे डीएचएल कुरिअरने पाठवली होती. ती पोचली नाहीत. दुसरी प्रत जाईपर्यंत हंगाम संपला आणि ग्राहकाने कमी किंमत दिली. राज्य आयोगाने चार लाखांहून अधिक भरपाई मंजूर केली होती. पण निर्यातदाराने सही केलेल्या पावतीवर जबाबदारीची मर्यादा १०० डॉलर अशी लिहिलेली होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा कायम ठेवली. सही केलेली अट बांधून ठेवते, हा त्या निकालाचा धडा आहे.

दुसरीकडे ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का मारला की आपण सुटलो, असे ट्रान्सपोर्टवाल्यांना वाटते. तेही खरे नाही. जुन्या १८६५ च्या कायद्याखाली २००० साली नाथ ब्रदर्स आणि पटेल रोडवेज या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिले. वाहतूकदाराची जबाबदारी विमा कंपनीसारखी असते आणि असा शिक्का त्याला निष्काळजीपणातून सोडवत नाही, असे त्यांत स्पष्ट झाले. तेव्हा शिक्का पाहून घाबरू नये, पण रकमेची मर्यादा लिहिलेली असेल तर ती वाचल्याशिवाय सही करू नये.

ई-वे बिलातील एक आकडा

जीएसटी आल्यानंतर बिल्टीच्या जोडीला ई-वे बिल आले. राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी १ एप्रिल २०१८ पासून ते सुरू झाले. परराज्यात ५०,००० रुपयांवर आणि महाराष्ट्राच्या आत एक लाखावर माल असेल तर ते लागते. येथे एखादा आकडा चुकला तर गाडी रस्त्यातच अडते. अशा वेळी अधिकारी म्हणेल तो दंड भरून अनेक जण गाडी सोडवतात.

त्यांनी १४ सप्टेंबर २०१८ चे केंद्राचे परिपत्रक लक्षात ठेवावे. काही चुका किरकोळ मानाव्यात आणि त्यासाठी केंद्र व राज्य मिळून १,००० रुपयेच दंड घ्यावा, असे त्यात आहे. नावाच्या स्पेलिंगमधील चूक पण जीएसटी क्रमांक बरोबर, पिन चुकला पण पत्ता बरोबर, बिलाच्या क्रमांकातील एक-दोन आकडे चुकले, गाडीच्या क्रमांकातील एक-दोन अक्षरे किंवा आकडे चुकले, अशा चुका त्यात येतात. त्यात न बसणाऱ्या चुकीवर माल अडवला गेला, तर मालकाला कराच्या दुप्पट दंड भरून तो सोडवावा लागतो. हजार रुपये आणि कराच्या दुप्पट रक्कम यांतला फरक किती, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

पिनच्या सवलतीला मात्र एक अट आहे. चुकीच्या पिनमुळे ई-वे बिलाची मुदत वाढता कामा नये. १ जानेवारी २०२१ पासून साधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते. भिवंडीहून आपले आष्टा ४०० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे दोन दिवस. मध्य प्रदेशातील आष्टा ६०० किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणजे चार दिवस. ४१६३०१ ऐवजी ४६६११६ पडला तर मुदत दुप्पट होते आणि किरकोळ चुकीची सवलत हातची जाऊ शकते. ई-वे बिल तयार केल्यापासून २४ तासांच्या आत ते रद्द करता येते, मात्र वाटेत त्याची तपासणी झालेली नसावी. म्हणून गाडी निघण्यापूर्वीच ते वाचावे.

गाडीचा क्रमांक भरण्याचे काम बहुधा ट्रान्सपोर्टवाला करतो. त्याच्या चुकीने दंड पडला तर अधिकाऱ्यापुढे माल आपलाच असतो, त्यामुळे तो आधी सोडवावा लागतो. पण दंडाची पावती जपून ठेवावी आणि ती रक्कम ट्रान्सपोर्टकडे लेखी मागावी.

रेल्वे, पोस्ट आणि प्रवासाचे बुकिंग

आष्ट्याला रेल्वे नाही, त्यामुळे रेल्वेचा माल सांगली-मिरजेहून जातो. तेथे १९८९ चा रेल्वे कायदा लागू होतो. मालाचे वर्णन चुकीचे दिले तर रेल्वे जादा आकार लावू शकते आणि माल सोडवून नेल्यानंतरही तो मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये सांगितले आहे. उलट माल हरवला किंवा रेल्वेने जास्त भाडे घेतले, तर आपण सहा महिन्यांच्या आत लेखी मागणी केली पाहिजे. पोस्टाची गोष्ट वेगळी आहे. १८९८ च्या कायद्याप्रमाणेच २०२३ च्या नव्या टपाल कायद्यातही नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी पोस्टावर असते. किमती वस्तू विमा उतरवूनच पोस्टात द्यावी.

प्रवासाच्या बुकिंगलाही हेच तत्त्व लागू आहे. २०२५ च्या हजसाठी भारताचा कोटा १,७५,०२५ होता. त्यातील ५२,५०७ जागा खाजगी टूर ऑपरेटरांच्या होत्या आणि ८०० हून अधिक ऑपरेटरांचे २६ गट करण्यात आले होते. या गटांनी मिनातील तंबू, निवास आणि वाहतुकीचे करार मुदतीत पूर्ण केले नाहीत, असे अल्पसंख्याक मंत्रालयाने सांगितले. नंतर फक्त १०,००० जणांसाठी सौदी पोर्टल पुन्हा उघडण्यात आले. हजारो लोकांचे बुकिंग वाया गेले. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, तुमच्या पावतीवर नाव कोणाचे आहे? पैसे घेऊन ज्याने पावती दिली, त्याच्याशी आपला करार असतो. ओळखीच्या माणसाच्या हातात दिलेल्या रोख पैशाला पावती नसेल, तर जबाबदार कोण हे ठरवणेच अवघड होते.

कारकुनाच्या खिशातून नको

अनेकदा कंपनीचा स्थानिक एजंट किंवा कारकून हात जोडतो. ‘तक्रार करू नका, माझ्या पगारातून जाईल’ असे म्हणतो आणि आपणही गावातला माणूस म्हणून तक्रार सोडून देतो. यात दोघांचाही तोटा आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे एजंटाने आपल्या अधिकारात केलेले काम मालकानेच केले, असे मानले जाते. म्हणून भरपाई कंपनीने द्यायची आहे, कारकुनाने नव्हे. कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय मालकाला पगारातून अशी रक्कम कापता येत नाही. तेव्हा मागणी कंपनीच्या नावे करावी. त्यात त्या गरिबावर राग काढण्याचे कारण नाही.

दाद कशी मागावी

ट्रान्सपोर्टवर दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावीच लागते आणि ती माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. माल हरवल्याचे कळले त्या दिवसापासून नव्हे, हे नीट लक्षात ठेवावे. १ जूनला बुक केलेल्या मालाची मुदत २८ नोव्हेंबरला संपते. ‘बघतो, शोधतो, दिवाळीनंतर या’ या आश्वासनांतच अनेकांचे १८० दिवस निघून जातात. म्हणून बोलणी चालू असली तरी नोटीस रजिस्टर किंवा स्पीड पोस्टाने पाठवून तिची पोच ठेवावी.

वैयक्तिक कामासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तेथील आयोगात दाद मागण्याची सोय केली आहे. त्यासाठी कंपनीच्या गावी जावे लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. व्यापारासाठी घेतलेल्या सेवेच्या तक्रारी मात्र आयोग सहसा घेत नाही. तेथे दिवाणी कोर्टाचा मार्ग आहे. स्वतःच्या हातांनी काम करून पोट भरणाऱ्या कारागिराची बाजू वेगळी ठरू शकते. त्याने वकिलाचा सल्ला घेऊनच मार्ग ठरवावा.

बुकिंगच्या खिडकीवर एवढे करावे:

१. पूर्ण पत्ता आणि पिन स्वतः लिहून द्यावा, तोंडी सांगू नये.

२. नग, वजन, मालाचे वर्णन आणि खरी किंमत लिहिली आहे का, ते पाहावे. चूक असेल तर तेथेच खोडून सही-शिक्का घ्यावा.

३. पोचवण्याची मुदत ठरली असेल तर ती कागदावर घ्यावी. फळांच्या धंद्यातील बागवान बंधूंनी तर हे कधीच विसरू नये.

४. भरलेल्या डागांचा आणि दोन्ही कागदांचा फोटो काढून ठेवावा.

५. माल उतरवून घेताना डाग फुटलेला किंवा कमी असेल तर पोचपावतीवर तसा शेरा मारूनच सही करावी.

याला पाच-दहा मिनिटे लागतात. मागे उभे असलेले लोक कुरकुर करतील, कारकूनही वैतागेल. पण कायद्याने जी जबाबदारी कंपनीवर टाकली आहे, ती तिच्या गळ्यात बांधायला हाच कागद लागतो. तो कोरा किंवा चुकीचा राहिला, तर चूक कोणाचीही असो, नुकसान आपल्याच रोजमेळात लिहावे लागेल.